पायथनचे ऑपरेटर: तक्ता पाठ झाल्यावर खरा सराव कसा करायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा विद्यार्थी सांगलीत डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. ऑपरेटरांचा, म्हणजे `+`, `//`, `==` अशा चिन्हांचा, तक्ता पाठ आहे, एका गुणाचे प्रश्न जमतात. पण स्वतः प्रोग्रॅम लिहायला बसलं की `/` घ्यायचा की `//`, अट कशी जोडायची, हे सुचत नाही आणि उत्तर चुकलं तर कुठे चुकलं तेही सापडत नाही. रोज अर्धा तास देता येईल, तर सराव कशाचा करावा?

तक्त्यात ऑपरेटरचं नाव असतं आणि एक सोपं उदाहरण असतं. उत्तर कोणत्या टाइपचं (पूर्णांक, दशांश की मजकूर) येणार, एकाच ओळीत तीन ऑपरेटर आले तर आधी कोण चालणार, ऋण संख्या आली तर काय होणार, हे त्यात नसतं. चुका नेमक्या तिथेच होतात, म्हणून सरावही तिथलाच करायचा.

टाइप करण्याबद्दल आधी एक सूचना. खाली सगळं देवनागरीत आहे. आकडे मराठी आहेत, आणि प्रिंट, इंट, अँड, ऑर, नॉट, इन, इज, ट्रू, फॉल्स असे पायथनचे शब्दही. संगणकावर हे शब्द आणि आकडे इंग्रजीतच टाका. `वजन`, `दर`, `पातळी` अशी व्हेरिएबलची नावं मात्र मराठीत ठेवली तरी पायथन ३ ती घेतो. आकड्यांचं थोडं वेगळं आहे: कोडमध्ये थेट ४५ असं मराठीत लिहिलं तर सिंटॅक्स एरर येते, पण `इंट('४५')` लिहिलं तर बरोबर पंचेचाळीस मिळतात. म्हणजे वापरणाऱ्यानं मराठी कीबोर्डवरून आकडा दिला तरी प्रोग्रॅम अडत नाही. आणखी एक: मेसेजमधून किंवा पीडीएफमधून कोड कॉपी केला की कधीकधी अवतरणचिन्हं वाकडी होतात आणि वजाच्या जागी लांब रेघ येते. दिसायला ओळ बरोबर, पण चालत नाही. सरावाच्या ओळी हातानंच टाइप करा.

आधी वही, मग एंटर

वहीत चार रकाने आखा: एक्स्प्रेशन (जसं `१० / ५`), माझं उत्तर, माझ्या मते टाइप, पायथनचं उत्तर. पहिले तीन भरल्याशिवाय एंटर दाबायचं नाही. उत्तर जुळलं नाही तर खाली एक ओळ लिहा, का जुळलं नाही याची. दिवसाला दहा एक्स्प्रेशन पुरे.

हा नियम मोडू नका. आधी एंटर दाबलं की पडद्यावरचं उत्तर बघून प्रत्येकाला वाटतं, हो, हेच येणार होतं. सगळं येतंय असा समज होतो आणि परीक्षेत कागदावर आउटपुट लिहायची वेळ आली की हात अडतो. टाइपचा रकाना तर बहुतेक जण गाळतात, आणि निम्म्या चुका त्यातच असतात. `१० / ५` चं उत्तर २ लिहिलं तर चूक. पायथन ३ मध्ये `/` नेहमी फ्लोट, म्हणजे दशांशवाली संख्या, देतो, म्हणून उत्तर २.० आहे. हा २.० पुढे लिस्टचा इंडेक्स म्हणून वापरला की टाइप एरर येते आणि भागाकार तर बरोबर होता, मग हे काय, असं वाटतं.

लॅबमध्ये आयडीएल (पायथनसोबत येणारा एडिटर) असेल तर ऑल्ट आणि पी दाबून मागची ओळ परत आणता येते. तिच्यातला एकच ऑपरेटर बदला आणि नवं उत्तर आधी वहीत लिहा. शेलमध्ये, म्हणजे ओळ टाकली की लगेच उत्तर देणाऱ्या खिडकीत, `_` म्हणजे शेवटचं उत्तर, म्हणून `टाइप(_)` लिहिलं की टाइप लगेच तपासता येतो. घरी संगणक नसेल तर मोबाईलवर पायड्रॉइड ३ या सरावाला पुरतं.

भागाकार आणि बाकी: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

पहिले चार-पाच दिवस फक्त `/` (भागाकार), `//` (पूर्णांकी भागाकार) आणि `%` (बाकी). आकडे रोजच्या व्यवहारातले घ्या, म्हणजे उत्तर चुकलं की डोळ्याला खटकतं. समजा मार्केट यार्डात २३४७ किलो हळद आली आणि ५० किलोचं पोतं भरायचं आहे. (डावीकडे ओळ, उजवीकडे तिचं उत्तर.)

```
वजन = २३४७
वजन // ५०        ४६
वजन % ५०         ४७
वजन / ५०         ४६.९४
-(-वजन // ५०)    ४७
```

४६ पोती पूर्ण भरली, ४७ किलो सुटे राहिले. पण बारदान किती आणायचं? सुट्या मालालाही पोतं लागतं, म्हणजे ४७. ते शेवटच्या ओळीनं मिळतं. `//` हा दशांश नुसता कापत नाही, तो खालच्या पूर्णांकाकडे जातो. ऋण बाजूला खाली म्हणजे शून्यापासून लांब. म्हणून `-२३४७ // ५०` चं उत्तर -४७ येतं आणि त्यावर वजा लावलं की ४७. वजन बरोबर २३०० असेल तर हीच ओळ ४६ देते, एक पोतं जास्त मागत नाही. बरेच जण `वजन // ५० + १` लिहितात. २३०० ला ते ४७ देतं आणि चुकतं. म्हणून अशा प्रश्नात पूर्ण भाग जाणारा आकडा हमखास तपासा.

आता पैसे. दर क्विंटलला १४२५० रुपये धरा.

```
दर = १४२५०
वजन * दर / १००       ३३४४४७.५
वजन * दर // १००      ३३४४४७
वजन // १०० * दर      ३२७७५०
```

तिसऱ्या ओळीत ६६९७ रुपये ५० पैसे गेले. कारण `*`, `/`, `//` आणि `%` यांना समान प्राधान्य आहे आणि ते डावीकडून उजवीकडे चालतात. तिसऱ्या ओळीत आधी `वजन // १००` झालं, २३ क्विंटल उरले आणि ४७ किलोचे पैसे हिशोबातून निसटले. एकही एरर आली नाही. अशी चूक शोधायची तर प्रत्येक पायरीचं उत्तर वेगळं छापून बघावं लागतं.

दुसऱ्या ओळीत ५० पैसे गेले. पैशाच्या हिशोबात माझा सल्ला असा की शेवटपर्यंत पैशातच मोजा, तेही पूर्णांकात. क्विंटलचा रुपयांतला दर हाच किलोचा पैशांतला दर असतो, कारण दोन्हीकडे शंभराचंच नातं आहे. म्हणून:

```
पैसे = वजन * दर      ३३४४४७५०
पैसे // १००          ३३४४४७
पैसे % १००           ५०
```

कुठेही फ्लोट आला नाही, म्हणून काही हरवलं नाही. फ्लोटमध्ये काय होतं ते बघायला `०.१ + ०.२` लिहा. ०.३०००००००००००००००४ असं येतं आणि `०.१ + ०.२ == ०.३` चं उत्तर फॉल्स. यात पायथनचा दोष नाही. संगणक हे आकडे बायनरीत ठेवतो आणि एक दशांश बायनरीत संपत नाही, जसा एक तृतीयांश दशांशात संपत नाही. फ्लोटची तुलना करायचीच असेल तर `मॅथ.इजक्लोज` वापरा, पायथन ३.५ पासून ते आहे. वजन ग्रॅममध्ये आणि रक्कम पैशात ठेवली तर बहुतेक वेळा त्याचीही गरज पडत नाही.

याच जातीचा एक प्रश्न स्वतः सोडवा. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी. साठा ८४.२ टीएमसी असेल तर टक्के किती? `साठा / क्षमता * १००` लिहिलं तर ८० च्या जवळचा फ्लोट येईल. `साठा // क्षमता * १००` लिहिलं तर ०.० येईल. इथे दोन गोष्टी वहीत नोंदवा: धरण भरेपर्यंत हे सूत्र शून्यच दाखवणार, आणि `//` ला फ्लोट दिला तर उत्तर फ्लोटच राहतं.

बाकीच्या ऑपरेटरवर, म्हणजे `%` वर, हात बसवायला वेळेचे प्रश्न उत्तम. रात्री २२:५० ला सुटलेली एसटी ९५ मिनिटांनी पोचली, तर किती वाजता?

```
मिनिटं = २२ * ६० + ५० + ९५     १४६५
मिनिटं // ६० % २४              ०
मिनिटं % ६०                    २५
```

००:२५. आता उलटं करा. गाडी ००:२० ला आली, प्रवास ४५ मिनिटांचा, तर सुटली कधी? २० वजा ४५ म्हणजे -२५. थेट `-२५ // ६०` केलं तर -१ येतं आणि `-२५ % ६०` केलं तर ३५. म्हणजे घड्याळात ‘-१ वाजून ३५ मिनिटं’. आधी दिवसात आणायचं: `-२५ % १४४०` म्हणजे १४१५, मग `१४१५ // ६०` २३ आणि `१४१५ % ६०` ३५. गाडी २३:३५ ला सुटली.

हे जमतं कारण पायथनमध्ये बाकीचं चिन्ह भाजकाचं असतं. सी आणि जावामध्ये ते भाज्याचं असतं. तिथे `-२५ % १४४०` चं उत्तर -२५ येईल. सीचा पेपर आणि पायथनचा पेपर एकाच सत्रात असेल तर हा फरक दोन्ही वह्यांत लिहून ठेवा. चिन्हांबद्दल गोंधळ झाला की एक समीकरण आठवायचं, ते दोन्हीकडे खरं ठरतं: भाज्य म्हणजे भागाकार गुणिले भाजक अधिक बाकी. `-७ // ३` हे -३, -३ गुणिले ३ हे -९, मग -७ पर्यंत यायला २ लागतात. बाकी २. पाठांतराची गरज नाही.

इनपुट ही स्ट्रिंगच असते

`वजन = इनपुट('वजन: ')` लिहून २३४७ टाइप केलं तर वजनात संख्या नसते, अक्षरं असतात. मग `वजन * २` चं उत्तर '२३४७२३४७' येतं, `वजन + ५०` ला टाइप एरर येते आणि `'१०' < '९'` ट्रू येतं, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते. टाइप एरर आली तर उलट बरंच, चूक तिथेच कळते. `*` आणि `<` मात्र गप्प राहून चुकीचं उत्तर देतात. इनपुटच्या ओळीवरच `इंट(...)` किंवा `फ्लोट(...)` लावायची सवय ठेवा.

तुलना: सीमेवरचे आकडे घ्या

सांगलीकरांना आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी सांगावी लागत नाही: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. यावर अट लिहा.

```
पातळी >= ४५           धोका
४० <= पातळी < ४५      इशारा
पातळी < ४०            सामान्य
```

मधली ओळ पायथनमध्ये अशीच चालते, गणितात लिहितो तशी. तिचा अर्थ `४० <= पातळी` अँड `पातळी < ४५`. आता यात ३९.९, ४०, ४४.९, ४५ आणि ४५.१ हे आकडे टाकून बघा. ३० आणि ५० टाकून काही कळत नाही; `>` लिहिलं की `>=`, ही चूक फक्त सीमेवर दिसते. बरोबर ४५ फुटांवर ‘इशारा’ छापणारा प्रोग्रॅम चुकीचा आहे, आणि पूररेषेजवळ राहणाऱ्या माणसासाठी हा फरक कागदावरचा नाही.

पातळी फूट आणि इंचात येते, इथे आणखी एक खड्डा आहे. ४२ फूट ९ इंच म्हणजे ४२.९ नव्हे, ४२.७५. सरळ इंचात रूपांतर करा: `४२ * १२ + ९` म्हणजे ५१३. तुलना ४८० आणि ५४० शी करा, आणि दाखवताना `५१३ // १२` व `५१३ % १२` करून परत ४२ फूट ९ इंच मिळवा.

तुलनेची साखळी सोयीची आहे, पण तिच्यामुळे एक विचित्र चूकही होते. `पातळी >= ४० == ट्रू` असं कुणी कुणी लिहितं. पातळी ४२ असेल तर याचा अर्थ होतो `४२ >= ४०` अँड `४० == ट्रू`. दुसरा भाग फॉल्स, म्हणून सगळं फॉल्स. तुलनेचं उत्तर आधीच ट्रू किंवा फॉल्स असतं, त्याला पुन्हा `== ट्रू` जोडू नका.

मराठी मजकुराची `==` ने तुलना करणार असाल तर हेही माहीत हवं. ‘साताऱ्याचा’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, `==` फॉल्स देतं. दोन्हींवर लांबी मोजणारं `लेन` चालवा, एकाने फरक पडलेला दिसेल. गावांची किंवा शेतकऱ्यांची नावं जुळत नाहीत अशी तक्रार आली की शेवटी राहिलेल्या स्पेसनंतर हेच तपासायचं.

`इज` हे `==` च्या जागी वापरू नका. `==` किंमत बघतो, `इज` दोन्ही नावं एकाच वस्तूकडे बोट दाखवतात का ते बघतो. सीपायथनमध्ये, म्हणजे आपण नेहमी वापरतो त्या पायथनमध्ये, -५ ते २५६ हे पूर्णांक आधीच बनवून ठेवलेले असतात, म्हणून लहान आकड्यांवर `इज` चुकून बरोबर उत्तर देतो आणि मोठ्या आकड्यांवर दगा देतो. `नन` (म्हणजे ‘काहीच नाही’) तपासायला `इज` वापरा, बाकी सगळीकडे `==`.

अँड, ऑर, नॉट

विद्यार्थ्यांच्या कोडमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही:

```
इफ गाव == 'तासगाव' ऑर 'मिरज':
```

ही अट नेहमी खरी ठरते. का, ते बघायला `इफ` काढून नुसतं एक्स्प्रेशन शेलमध्ये टाका. गाव 'विटा' असताना उत्तर येतं 'मिरज'. फॉल्ससुद्धा नाही, ट्रूसुद्धा नाही. `ऑर` ची रीत अशी: डावी बाजू खरी धरण्यासारखी असेल तर तीच परत देतो, नसेल तर उजवी जशीच्या तशी देतो. डावीकडे `'विटा' == 'तासगाव'` फॉल्स, म्हणून उजवीकडची स्ट्रिंग मिळाली, आणि रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग `इफ` ला खरी वाटते. बरोबर ओळी या:

```
गाव == 'तासगाव' ऑर गाव == 'मिरज'
गाव इन ('तासगाव', 'मिरज')
```

मला दुसरी आवडते. गावं वाढली तरी ओळ वाचता येते. पण यादीत एकच गाव राहिलं तर जपा. `गाव इन ('मिरज')` यात कंस असूनही टपल, म्हणजे किमतींची यादी, होत नाही, कारण स्वल्पविराम नाही. मग `इन` स्ट्रिंगच्या आत शोधतो, आणि `'मिर' इन ('मिरज')` ट्रू येतं. रिकामी स्ट्रिंग तर कुठल्याही स्ट्रिंगमध्ये ‘असते’. `('मिरज',)` असं लिहायचं.

नकार लिहितानाही हात घसरतो. ‘तासगाव नाही आणि मिरजही नाही’ यासाठी `गाव != 'तासगाव' ऑर गाव != 'मिरज'` लिहिलं तर ते कायम ट्रू, कारण एकच गाव एकाच वेळी दोन्ही असू शकत नाही. तिथे `अँड` हवा, किंवा सरळ `गाव नॉट इन ('तासगाव', 'मिरज')`.

`अँड` डावी बाजू खोटी निघाली की उजवीकडे बघतच नाही. याचा उपयोग करून घ्या: `संख्या != ० अँड बेरीज / संख्या >= ४०` ही ओळ संख्या शून्य असताना भागाकाराकडे जात नाही, म्हणून शून्यानं भागल्याची एररही येत नाही. बाजू उलट्या लिहिल्या की येते. दोन्ही क्रमांनी चालवून बघा.

प्राधान्याचा क्रम असा: आधी `नॉट`, मग `अँड`, शेवटी `ऑर`, आणि तुलना या तिघांच्याही आधी. लीप वर्षाचं सूत्र यावर चांगला सराव देतं:

```
वर्ष % ४ == ० अँड वर्ष % १०० != ० ऑर वर्ष % ४०० == ०
```

१९००, २०००, २०२३ आणि २०२४ घेऊन प्रत्येक तुकड्याखाली ट्रू किंवा फॉल्स लिहा, मग जोडा. १९०० ला फॉल्स, २००० ला ट्रू आलं पाहिजे. कंस नसताना चालतं, तरी कोडमध्ये `अँड` च्या भागाला कंस द्या. वाचणाऱ्याला क्रम आठवत बसावं लागू नये.

बिटवाइज: थोडं, पण चुकून नको

पहिल्या वर्षाला बिटवाइज, म्हणजे आकड्याच्या बायनरी रूपावर चालणाऱ्या, ऑपरेटरांना दोन दिवस पुरतात. बायनरीत १२ म्हणजे ११००, १० म्हणजे १०१०. एकाखाली एक लिहून `१२ & १०` ८, `१२ | १०` १४, `१२ ^ १०` ६ हे हातानं काढा. `५ << २` २० आणि `~५` -६. पेपरात विचारतात तेवढं यात येतं.

पण जिथे बिटवाइज नको तिथे ते शिरतात, याकडे लक्ष द्या. घात काढायला `^` लिहिलं की एरर येत नाही. `५ ^ २` २५ ऐवजी ७ देतं. घाताला `**`. आणि `अँड` च्या जागी `&` लिहिलं तर क्रम बदलतो, कारण `&` तुलनेच्या आधी चालतो. क ला १ आणि ख ला २ द्या. `क == १ अँड ख == २` ट्रू आहे. `क == १ & ख == २` मात्र `क == (१ & ख) == २` असं वाचलं जातं; `१ & २` शून्य, म्हणून फॉल्स. पुढे पांडास या डेटा हाताळायच्या लायब्ररीत अटी `&` नेच जोडाव्या लागतात, तेव्हा प्रत्येक अटीला कंस का लागतो ते आताच कळून जाईल.

असाइनमेंटचे ऑपरेटर

पायथनमध्ये `++` नाही. `क++` ला सिंटॅक्स एरर येते, पण `++क` ला येत नाही. तो दोनदा लावलेला धन आहे आणि क मध्ये काहीच बदलत नाही. तसंच `क =+ ५`: बेरीज होत नाही, क मध्ये ५ भरले जातात. चिन्ह बरोबरच्या आधी, `क += ५`.

लिस्टवर `+=` वापरताना थांबा:

```
क = [१]
ख = क
ख += [२]        क झाला [१, २]
ख = ख + [३]     क [१, २] च राहिला
```

`+=` नं तीच लिस्ट वाढवली, आणि क व ख दोघांचं बोट तिच्याकडेच होतं. `ख + [३]` नं नवी लिस्ट बनवली आणि ख तिकडे गेला. संख्या आणि स्ट्रिंगमध्ये हा फरक दिसत नाही, कारण त्या जागेवर बदलत नाहीत. फंक्शनला दिलेली लिस्ट परत आल्यावर बदललेली दिसली तर आधी `+=` शोधा.

उलटा सराव

आठवड्यानंतर एक्स्प्रेशन देऊन उत्तर विचारणं सोपं वाटायला लागतं. मग उलट करा: उत्तर ठरवा आणि एक्स्प्रेशन शोधा. ४७२९ मधून दशकाचा अंक काढा (`४७२९ // १० % १०`, २), शतकाचा काढा (`४७२९ // १०० % १०`, ७). तीन विषयांच्या गुणांवरून किती विषयांत ३५ किंवा जास्त आहेत ते `इफ` न वापरता मोजा. ट्रू म्हणजे १ धरला जातो, म्हणून `(मराठी >= ३५) + (गणित >= ३५) + (विज्ञान >= ३५)`. कंस काढून काय येतं ते आधी वहीत लिहा; `+` तुलनेच्या आधी चालतो, त्यामुळे सगळ्याची एक लांब साखळी होते.

प्रोग्रॅम लिहिताना कोणता ऑपरेटर घ्यायचा हे सुचत नाही, ही मूळ अडचण याच सरावानं सुटते. प्रश्नातला शब्द पकडा. ‘किती पूर्ण’ असेल तर `//`. ‘किती उरले’, ‘दर पाचवा’, ‘सम की विषम’, ‘परत सुरुवातीला’ असेल तर `%`. ‘सरासरी’, ‘टक्के’ असेल तर `/`. ‘यांपैकी एक’ असेल तर `इन`. ‘दरम्यान’ असेल तर तुलनेची साखळी, आणि टोकाचे आकडे धरायचे की नाही हे प्रश्न पुन्हा वाचून ठरवा.

पहिल्या दिवसासाठी ही बारा घ्या. उजवी बाजू हातानं झाका, वहीचे रकाने भरा, मग तपासा.

```
७ // -२                 -४
-७ % ३                  २
-२ ** २                 -४
२ ** ३ ** २             ५१२
७.० // २                ३.०
२ ** -१                 ०.५
'५' * ३                 '५५५'
नॉट ० == १              ट्रू
० ऑर '' ऑर ५            ५
३ अँड ० ऑर ७            ७
५ ^ २                   ७
ट्रू + ट्रू * ३          ४
```

तिसऱ्यात `**` आधी चालतो आणि वजा नंतर लागतो. -२ चा वर्ग हवा तर `(-२) ** २`. चौथ्यात `**` उजवीकडून चालतो, आधी ३ चा वर्ग ९, मग २ चा नववा घात. आठव्यात `नॉट` फक्त शून्याला लागत नाही, `० == १` या पूर्ण तुलनेला लागतो. दहाव्यात `३ अँड ०` मधून ० बाहेर आलं, ते खोटं, म्हणून `ऑर` नं ७ दिला. बारापैकी आठच्या वर टाइपसकट बरोबर आली तर भागाकाराचे दिवस कमी करून थेट `अँड`, `ऑर` कडे जा. कमी आली तर हळदीच्या पोत्यांपासून सुरू करा आणि वजन, पोत्याचं माप आणि दर रोज बदलून घ्या.